विहिरीच्या काठावरच्या बाई

बाई देवाशी भांडायच्या. मनातल्या मनात नव्हे, मोठ्यानं, अंगणात भांडी घासता घासता. माझी खोली आणि त्यांचं अंगण यांच्यामध्ये एक कुडाची भिंत होती. त्यामुळे रोज सकाळी सहाच्या सुमाराला मला ते भांडण ऐकावंच लागायचं.

"काल बी सांगितलं, परवा बी सांगितलं. खालच्या आळीच्या पोरीला ताप हाय. आठ दिस झाले. तुला काय कमी हाय रं? एक पोरगी बरी करायला तुला असं काय लागतं?" मग राखेनं तवा खरवडल्याचा आवाज. "बरं, रागावू नको. पन इसरू बी नको."

शेवटी "आमेन". आणि तवा दगडावर आपटला जायचा.

मी त्या गावात शाळेत शिकवायला गेले ती एकाहत्तर साली. शेवगावपासून आठ-नऊ मैलांवरचं गाव. मी विडी कामगाराची मुलगी. नगरला आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील ती युनियनच्या सभेतून खिशात कोंबून आणायचे, आई त्यांच्यावर तंबाखू पसरायची, आणि मी त्या तंबाखूखालून अक्षरं शोधत वाचायला शिकले. मी वाचलेलं पहिलं पूर्ण वाक्य 'हे आम्ही सहन करणार नाही' असं होतं. माझा स्वभाव कसा झाला असेल ते वेगळं सांगायला नको.

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी दारातच विचारलं, "देव मानतीस का?"

"नाही."

"आजिबात न्हाई?"

"अजिबात नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला भांडायला घरातच मानूस मिळालं. त्याला बी जरा इसावा."

अशा रीतीनं मला खोली मिळाली.

गाव त्यांना मिशनच्या बाई म्हणायचं. तीस वर्षं त्यांनी आसपासच्या खेड्यांतून पायी फिरून बायकांना येशूच्या गोष्टी सांगितल्या होत्या. अंगावर पांढरं लुगडं, हातात चित्रांची कापडी गुंडाळी, काखेत पुरुषी काळी छत्री, पायात टायरच्या चपला. मिशननं त्यांना निवृत्त करून बरीच वर्षं झाली होती. पण ही गोष्ट त्यांच्या ध्यानात कुणी नीट आणून दिली नसावी, कारण त्यांनी काम थांबवलं नव्हतं. गुंडाळीवरची चित्रं उन्हापावसानं झिजून पांढरी पडली होती. त्या कोऱ्या कापडावर बोट ठेवून बाई सांगायच्या, "हा बघा पेत्र, येशूचा चेला. हितं रडतोय." आणि बायका वाकून बघायच्या. एकदा मीही वाकून बघितलं, आणि मग स्वतःवरच चिडले.

गावात कुणी मेलं आणि त्याला हात लावायला कुणी पुढं येईना, की बाईंना बोलावणं यायचं. पटकीनं मेलेला म्हातारा, जीव दिलेली सून, एस.टी.च्या थांब्यावर मरून पडलेला गोसावी. बाई जात विचारायच्या नाहीत. पाणी तापवायच्या, पदर खोचायच्या, आणि मेलेल्या माणसाचं अंग धूत असताना मरणाला दटावायच्या. तोंडात शिव्या नसायच्या, पण सूर शिव्यांचाच असायचा.

"लई माज करू नको. तू भाडेकरू हायेस. घर तुझं न्हाई. मालक आला की वळकटी उचलायची अन चालू लागायचं."

मी म्हटलं, "बाई, भाडेकरू तर मीही आहे."

"तुला ठिवीन. तू झाडून तरी घेतीस."

त्यांचा सगळा धर्म एका शब्दात मावत होता. तो शब्द 'कृपा'. मला त्या शब्दाची चीड होती. कृपा ही वरच्यानं खालच्यावर करायची गोष्ट. आम्हाला कृपा नको, हक्क हवा, असं मी सहावीत असताना एका पत्रकात वाचलं होतं, आणि मला ते आजही खरं वाटतं. दुष्काळ पडला आणि गावात टँकर येऊ लागला तेव्हा एकदा आम्ही दोघी रांगेत उभ्या होतो. बाई म्हणाल्या, "हे बघ पोरी, कृपा अशी आसती. टँकरवाला इचारतो का, घागर कुनाची, आतनं घासलीया का? पानी सोडून देतो. घागर उपडी धरली तरच रिकामी ऱ्हाती."

"टँकर आधी पाटलाच्या हौदात रिकामा होतो, बाई. आपल्या वाट्याला तळाचा गाळ."

रांगेतल्या बायका हसल्या. बाईही हसल्या. "म्हनून तर टँकर सरकारच्या हातात दिला अन कृपा देवानं सोताजवळ ठिवली."

"आणि ती पाप्यालाही मिळते? इतरांएवढीच?"

"पाप्यालाच मिळती. धुतलेल्याला ती कशाला पायजे?"

"मग पाप करणाऱ्यानं काय, खुशाल झोपावं?"

"तुला काय वाटतं, त्याला झोप येती?"

"ठेकेदारांना येते," मी म्हटलं. बायका पुन्हा हसल्या. बाई या खेपेला हसल्या नाहीत.

योना हा बाईंचा एकुलता एक मुलगा. अठ्ठावीस वर्षांचा, उंच, लग्न न झालेला, बोलणं फार कमी. रविवारी प्रार्थनेला पेटी वाजवायचा आणि बाकीचे दिवस दुष्काळी कामावर जायचा. काम म्हणजे गावाबाहेरची सार्वजनिक विहीर खोल करायचं. ठेका बाहेरच्या एका ठेकेदाराकडे होता, आणि खडकाला सुरुंग लावायचं काम शामुवेलकडे. गाव त्याला शामू म्हणायचं. शामू बाईंच्याच मंडळीतला, म्हणजे त्याच चर्चचा माणूस. लहानपणी त्याला पाटीवर पहिली अक्षरं बाईंनीच काढून दिली होती. हात कसबी होता. पण प्यायचा.

सुरुंगाच्या कामाची एक रीत असते. खडकात बार भरून झाले की खाली असतील ती सगळी माणसं वर येतात. सुरुंगवाला काठावर उभा राहून एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजतो. नुसत्या नजरेनं मोजायचं नाही, हात लावायचा. जितकी खाली गेली तितकी वर आली, की मग तो एकटा उतरतो, वात पेटवतो, तीनदा आरोळी देतो आणि चढून येतो. शामू ही रीत दहा वर्षं पाळत आला होता.

त्या दिवशी त्यानं डोकी मोजली नाहीत. सकाळीच प्यायला होता. सात जण उतरले होते, सहा वर आले. विहिरीच्या तळाशी एका बाजूला खडकाची कपार होती, तिच्यात राहिलेल्या पहारी योना गोळा करत होता. शामूला तो दिसला नाही. वात पेटली, आरोळी झाली, शामू वर आला. योना अर्ध्यावर चढला होता तेव्हा बार उडाला.

मी त्या दिवशी गावात नव्हते. वडिलांना दवाखान्यात दाखवायला आदल्या दिवशीच नगरला गेले होते. परतले तेव्हा बाई योनाचं अंग धूत होत्या. एकट्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हत्या. आणि मरणाला एक शब्द बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून भांडण आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तवा घासल्याचा आवाज यायचा, बाई गप्प.

ते गप्प राहणं मला सहन झालं नाही. मी पत्रक लिहिलं. मथळा होता, 'सहा डोकी वर आली, सातवं कुठे आहे?' शेवगावच्या एका ओळखीच्या मास्तरांच्या सायक्लोस्टाइलवर शंभर प्रती काढल्या. पत्रकात शामूचं नाव होतं, त्याची दारू होती, आणि 'खुनी' हा शब्द तीन वेळा होता. एक प्रत चावडीवर चिकटवली, एक चर्चच्या दारावर. बाईंना विचारलं नाही. शामूकडे तर गेलेच नाही. जाऊन काय करायचं होतं? लिहिलेलं सगळं खरं होतं.

आठवड्यानं ठेकेदाराचा मुकादम शाळेत आला. "मास्तरीनबाई, ते कागूद लई झ्याक लिवलंय तुमी. आनखी पन्नास मिळतील का? सायबांनी मागितल्यात."

तेव्हाच मला उमगायला हवं होतं. उमगलं चार दिवसांनी, विहिरीच्या कामावरच्या एका मजूर बाईकडून. ठेकेदार वाती तोडून देत होता. एका वातीच्या दोन. योनानं शामूची आरोळी ऐकली होती, आणि तो भिंतीतल्या खोबणींत पाय रोवून चढतही होता. वात पुरती लांब असती तर तो काठाला पोचला असता.

मी दुसरं पत्रक काढलं. पहिल्यापेक्षा मोठं, पहिल्यापेक्षा चांगलं लिहिलेलं. ते कुणी वाचलं नाही. गावाला त्याचा खुनी मिळून गेला होता. मीच तो दिला होता.

मंडळीच्या पंचांनी शामूला बाहेर काढायचं ठरवलं. त्या बैठकीला बाई गेल्या, आणि त्यांच्या मागोमाग मी. टेबलावर माझं पहिलं पत्रक पडलेलं होतं. थोरले पंच म्हणजे एक निवृत्त पोस्टमन, चांगला माणूस, पण प्रत्येक गोष्ट ठरलेल्या वाटेनंच पोचली पाहिजे अशा मताचा.

"त्यानं आधी सगळ्या मंडळीपुढं उभं राहून कबूल करावं," ते म्हणाले. "मग आपण प्रार्थना करून क्षमेचा विचार करू."

"पोरगं गटारीत पडलं तर तुमी काय म्हनता?" बाईंनी विचारलं. "आंघूळ करून ये, मग घरात घेतो?"

"बाई, शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

"हाय की. माझा मेला, अन मी म्हनती त्याला घ्या. तुमचं कोन मेलं?"

पण ठराव व्हायचा तो झालाच.

परत येताना मी बाईंना म्हटलं, "तुम्ही अशी माफी वाटत सुटलात तर ठेकेदारही सुटेल. माफी या लोकांच्या फार सोयीची असते."

"ठेकेदाराला म्या कुठं सोडलं? तू लिही. मामलेदाराकडं जा, मी संगं येती, सही करती. सोडू नको त्याला. पन शामू तुझ्या कागदावर मावत न्हाई, पोरी."

मला राग आला. रागात माणूस जे बोलतो ते मी बोलले. "आणि मरण भाडेकरू आहे म्हणत होतात ना? गोसाव्याचं अंग धुताना म्हणालात. योनाच्या वेळी का नाही म्हणालात?"

बाई थांबल्या. छत्री मिटली, पुन्हा उघडली.

"मला तोंड नव्हतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, दुःखानं म्हणतायत.

अपघातानंतर ठेका बंद पडला होता. विहीर सहा पुरुष, म्हणजे छत्तीसेक फूट खोल आणि कोरडी ठाक. एका सकाळी शामू एक पहार आणि घमेलं घेऊन तिच्यात उतरला, आणि वर यायचं नाव घेईना. बायकोला, मार्थाला, त्यानं सांगितलं, "पानी लागंल तवाच मानसांत येईन." सुरुंग नाही, नुसती पहार, आणि खाली काळा पाषाण. दिवसभर टण टण आवाज यायचा. फोडलेले दगड तो तळाशीच एका बाजूला रचून ठेवायचा. मार्था दोरीला फडकं बांधून रेशनवरच्या मिलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची भाकरी खाली सोडायची. रात्री केव्हातरी तो खोबणींतून वर येऊन जात असणार, पण माणसाच्या नजरेला पडत नव्हता.

गावाला हे पटलं. "भोगू दे," लोक म्हणायचे. मलाही आतून पटलं होतं, हे इथं लिहून ठेवते. माणसानं गावाचं नुकसान केलं, आता तो गावासाठी पाणी काढतोय. यात न्याय होता.

बाईंना तेवढं पटलं नाही. त्या रोज सकाळी छत्री उघडून विहिरीच्या काठावर जाऊन उभ्या राहायच्या. शाळेला जाताना मी ते बघायची.

"शामू!"

खालचा आवाज थांबायचा.

"पानी लागलं का?"

"न्हाई, बाई."

"लागनार बी न्हाई. आन लागलं तरी त्यानं योना यायचा न्हाई. म्या तुला माफ केलंय. वर ये."

मग पुन्हा टण, टण.

"आडमुठं," बाई म्हणायच्या आणि परत फिरायच्या. असं महिनाभर चाललं. उन्हं वाढली. बाई वाळत चालल्या. त्यांना बारीक ताप असायचा. मी सांगून पाहिलं, "बाई, तो ऐकत नाही. त्याला त्याच्या पद्धतीनं फेडू द्या."

"त्याला फेडायचंय, तेच तर वंगाळ हाय," त्या म्हणाल्या. "हे फिटत न्हाई, पोरी. सहा काय, साठ पुरुष खनलं तरी फिटत न्हाई. फिटत न्हाई म्हनून तर कृपा."

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या दारात आल्या. "चल. मार्थाला बी बोलावलंय. यारी फिरवायची हाय."

यारी म्हणजे विहिरीतले दगड वर काढायचं यंत्र. लोखंडी टोपलं, दोर, आणि दोघांनी हातानं फिरवायचा दांडा. ठेका बंद पडल्यापासून ती तशीच काठावर उभी होती.

"दगड काढायचेत का?"

"मला खाली सोडायचं हाय."

"तुम्हाला वेड लागलंय, बाई. दोर तरी तपासलाय का?"

"तपासलाय. हे बघ, महिनाभर म्या वरनं बोंबलती. वरनं बोलावून कोन येत न्हाई. त्याला बी हे कळलं हुतं, म्हनून तर तो खाली आला."

'तो' म्हणताना त्यांनी आभाळाकडं बोट केलं होतं. कोण ते कळायला मला एक क्षण लागला.

बाई टोपल्यात गुडघे मुडपून बसल्या. छत्री उघडीच.

"छत्री मिटा, बाई," मार्था म्हणाली.

"ऊन हाय."

आम्ही दोघींनी दांडा धरला. मार्था रडत होती आणि फिरवत होती. काळी छत्री हळूहळू लहान होत गेली. खाली पहारीचा आवाज थांबला.

"कोन हाय?" शामूचा आवाज आला. मग तो ओरडलाच. "बाई! हितं नका! हितं तो..."

"ठावं हाय कुठं पडला ते," बाई म्हणाल्या.

विहिरीत शब्द घुमतात, त्यामुळे एवढं स्पष्ट ऐकू आलं. नंतर बाईंनी आवाज खाली केला. खूप वेळ गेला. काठावरचा दगड तापला होता, त्याच्यावर हात टेकवत नव्हता. मग एकदम रडण्याचा आवाज आला. पोट फाटून यावा तसा. एवढ्या खोलवरून तो कुणाचा ते ओळखू येईना. आम्हाला वाटलं शामूचा. मार्थानं डोळे मिटून घेतले.

आणि मग खोबणीत पाय पडल्याचा आवाज. शामू चढत होता.

तो काठावर आला तेव्हा दगडाच्या भुकटीनं नखशिखांत पांढरा होता. दाढी वाढलेली. उन्हात डोळे उघडता येत नव्हते. तो माझ्याकडं किंवा मार्थाकडं न बघता यारीपाशी गेला आणि माझ्या हातातला दांडा त्यानं घेतला. बाईंना त्यानं आणि मार्थानं वर काढलं. बाई टोपल्यातून उतरल्या, छत्री मिटली, आणि म्हणाल्या, "चला. भूक लागलीया."

दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर. त्या दिवशी पहाटे उजाडायच्या आत सगळी मंडळी गाणी म्हणत कबरस्तानात जाते. बाई शामूचा दंड धरून त्याला योनाच्या कबरीपाशी घेऊन उभ्या राहिल्या. थोरल्या पंचांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी छत्री जमिनीत रोवली आणि त्यांच्याकडं नुसतं बघितलं. पंचांनी तोंड मिटलं, घसा खाकरला आणि गाणं सुरू केलं. शामू गायला नाही. पण उभा राहिला.

त्या सकाळी दोन महिन्यांनी भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला. त्या मरणाला दटावत होत्या. मधेच त्यांचा आवाज फुटायचा, मग त्या तवा जास्त जोरात घासायच्या.

शामूची दारू तेव्हापासून सुटली, असं लिहायला मला आवडलं असतं. तो त्यानंतर दोनदा प्यायला. दोन्ही वेळा बाई छत्री घेऊन गेल्या आणि त्याला घरी घेऊन आल्या. त्यावर एवढंच म्हणाल्या, "घागर उपडी धरू नको, येड्या."

मे महिन्यात बाईंचा ताप वाढला. शेवगावच्या डॉक्टरनं अशक्तपणा सांगितला. टँकरवरून त्यांच्यासाठी पाणी शामू आणायचा. नवव्या दिवशी दुपारी बाई गेल्या. मार्था आणि मी त्यांचं अंग धुतलं. मेलेल्या माणसाला मी पहिल्यांदाच हात लावला. त्यांचे पाय लहान मुलीच्या पायांसारखे होते, आणि तळवे चामड्यासारखे. मरणाला त्यांच्यासारखं दटावून बघावं असं माझ्या मनात आलं, पण शब्द तोंडातून बाहेर पडला नाही.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. ठेकेदाराचं काही झालं नाही. बाईंच्या सहीचा आमचा अर्ज कुठल्या फायलीत आहे ते मी अजून कचेरीत जाऊन विचारते. त्या विहिरीला पाणी लागलं नाही. देव मी अजून मानत नाही.

बाईंची कबर शामूनं खणली, योनाच्या शेजारी. कडक मुरूम, सगळी सकाळ लागली. माती झाली, मंडळी पांगली. तो हाताच्या तळव्यांनी माती थापत राहिला, आणि मी जाऊ शकले नाही.

"शामूभाऊ," मी म्हटलं. "ते पत्रक मी लिहिलं होतं."

"ठावं हाय की. नाव हुतं खाली तुमचं."

"आधी तुमच्याकडे यायला हवं होतं मी."

"आला आसता तर काय सांगितलं आसतं म्या? प्यालो हुतो. डोकी मोजली न्हाईत. खरंच लिवलं तुमी, ताई."

त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळे मला तिथं थांबवेना. पण एक प्रश्न महिनाभर माझ्या मनात होता. मला वाटत होतं, बाईंनी विहिरीत त्याला शास्त्रातलं काही सांगितलं असेल, एखादी प्रार्थना केली असेल.

"त्या दिवशी बाई खाली काय बोलल्या?"

शामूनं मातीतला एक खडा काढून बाजूला ठेवला.

"आदी म्हनल्या, माफ केलं. ते तर रोजच वरनं म्हनत हुत्या. म्या म्हनलं, बाई, तुमी देवमानूस. तुमच्या माफीनं मला लाजच वाटती. माझ्यासारख्याच्या मनात काय जळतंय ते तुमाला काय ठावं?"

"मग?"

"मंग त्या कपारीपाशी खाली बसल्या. म्हनल्या, शामू, त्या सकाळी योना कामाला येत नव्हता. अंगात कसकस हाय म्हनत हुता. म्या त्याला आळशी म्हनलं. पांघरून वढलं अन घराभाईर काढलं. जाताना बोलला बी न्हाई माझ्याशी. हे कुनालाच सांगितलं न्हाई म्या. देवाला बी न्हाई."

मी त्या भिंतीला लागून राहत होते. नेमकी त्या सकाळी मी नगरला होते.

"अन त्या रडाया लागल्या," शामू म्हणाला. "तुमी वर ऐकलं आसंल. म्हनल्या, तुला माफी न्हाई तर मला कुठनं आसंल? अन मला पायजे, शामू. मला लई पायजे. पानी लागंपत्तुर थांबायला मला येळ न्हाई."

त्यानं हात झटकले, पण उठला नाही.

"म्हातारं मानूस. तिथं, त्या जागी, आसं रडतंय. मंग काय करतो, ताई? म्हनलं, चला बाई. वर जाऊ."